देऊळपांढरीचा शेंदूर

१

देऊळपांढरीची देवी जागच्या जागी होती. चोरीला गेला होता तो तिचा शेंदूर.

अशी वर्दी आमच्या भागात त्याआधी कोणी दिली नव्हती, नंतरही नाही. जमादाराने लिहून घेताना विचारले, "किती गेला?" तेव्हा पुंजाजी गुरवाने दोन्ही हात फाकवून सांगितले म्हणे, "सगयाच गेला जी." जमादाराच्या कागदात शेंदराचा रकाना नव्हता. त्याने तो 'किरकोळ'मध्ये घातला.

हा शेंदूर म्हणजे चिमूटभर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून थापलेला, अंगावर चार बोटे जाड झालेला तो एक अंगरखाच होता. आत कशी मूर्ती आहे हे हयात असलेल्या कोणीही पाहिले नव्हते. बाहेरून दिसत ते दोन चांदीचे डोळे, पातळ शेंदूर लागलेला लोंबता उजवा हात आणि त्या हातात लाखेच्या चार चुड्या. एकोणीसशे सदतीसच्या नवरात्रात, अष्टमीच्या सकाळी पुंजाजी पूजेला गेला, तर अंगरखा नाही, डोळे नाहीत, चुड्या नाहीत. ओट्यावर नुसता काळा दगड उभा. आणि त्या दगडाला मिशा.

मी तेव्हा वाशीमला एक साप्ताहिक चालवत असे. गावोगावच्या लोकांची थट्टा करणे हा त्याचा मुख्य धंदा. बाजारभाव आम्ही जागा उरली तर देत असू. तीनच आठवड्यांपूर्वी मी छापले होते, की देऊळपांढरीची आई ही आई नसून जुन्या देवळाचा दरवान आहे. गाव मालकीण सोडून पहारेकऱ्याला साडीचोळी करते. कोणी शेंदूर खरवडला तर खाली मिशा निघतील, आणि त्यांतली डावी तुटकी असेल.

अष्टमीच्या दुपारी देऊळपांढरीच्या बबनराव पाटलांचा माणूस सर्व्हिस मोटारीने चिठ्ठी घेऊन आला. "आपण लिहिले ते अक्षरशः खरे झाले. डावी मिशी तुटकीच निघाली. उद्या मेडशीला बैलांची रेंगी उभी ठेवतो, अवश्य यावे."

आयुष्यात माझा विनोद पहिल्यांदाच खरा ठरला होता. मी ती चिठ्ठी छापखान्यात तिघांना वाचून दाखवली. शेवटी आणखी एक ओळ होती, ती मात्र मनातल्या मनात वाचली. "संशयावरून चुड्या भरणाऱ्या गफ्फार मण्यारास जमादाराने नेले आहे."

मी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

२

भाद्रपदात मी तिकडे पहिल्यांदा गेलो तो जानरावांमुळे. जानराव हे निवृत्त मोजणीदार. सारी हयात शेतांतून साखळी ओढण्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. घरात वाढलेल्या भाकरीकडेही ते जरा डोळे बारीक करून पाहत. त्यांना जुनी शहरे पाहण्याचा नाद होता आणि मला जेवणाचा. बबनराव पाटलांनी आम्हां दोघांना बोलावून दोन्हींची सोय केली होती.

देऊळपांढरीला एके काळी मोठे नगर होते म्हणतात. आता तिथे पांढऱ्या मातीचे एक लांबलचक टेकाड आहे. पावसाने माती धुपली की हातभर लांबीच्या विटा, खापऱ्या, कुण्या बाईच्या गळ्यातले मणी वर येतात. ज्वारी पेरणारे ते मणी उचलतात, पाहतात आणि बांधावर ठेवतात. घरी नेत नाहीत. ज्याचे त्याला लागेल म्हणतात. हजार वर्षांत कोणी न्यायला आले नाही, पण ठेवतात.

टेकाडाच्या माथ्यावर देऊळ. मंडप पडलेला, गाभारा शाबूत. त्यात आई. समोर, टेकाडाच्या पायथ्याशी, महाद्वाराची नुसती चौकट उरलेली. चौकटीच्या डाव्या अंगाला एक दगडी द्वारपाल अजून पहाऱ्यावर उभा, गदा टेकून, मिशा पिळून. उजव्या अंगाला काही नाही. तिथून बबनरावांचे शेत लागत होते आणि बरोबर त्या जागी गवताची एक नवी गंजी रचलेली होती.

"दरवान जोडीनं असतो," जानराव वही उघडत म्हणाले. "दुसरा कुठं आहे?"

बबनराव मोठ्याने हसले. चांगला उंचापुरा माणूस, धुतलेले धोतर, बोलणे मधाळ. "दुसरा असंन आत शेंदूर लावून बसला! कोन पाह्यलं बाप्पा? आमी आई-आई करून राह्यलो, आन आत मिशा असतीन."

मी खिशातून पेन्सिल काढली.

"लिहा, लिहा," बबनराव म्हणाले. "डावी मिशी तुटकी लिहा. म्हातारा दरवान हाये, एखादी मिशी तं झडली असंन."

मला तो तपशील फार आवडला. थट्टेला असा एखादा तुटका कोपरा असला की ती खरी वाटते. त्यानंतर रोडगे आणि वांग्याची भाजी झाली. तुपाची वाटी पाटलांनी स्वतःच्या हाताने तीनदा फिरवली. परतताना जानराव म्हणाले, "गंजी खळ्यात घालतात. अशी शेतात कोणी घालतं का?"

"पाटलांचं गवत, पाटलांचं शेत," मी म्हणालो. माझे पोट भरलेले होते.

३

नवमीला मी एकटाच गेलो. जानराव हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. निरोप धाडून त्यांनी एवढेच सांगितले: "जे दिसेल ते सगळं येऊन सांगा. आणि लगेच सांगा."

गाभाऱ्यात तो दगड पाहिला. गदा, पोटावरचा पट्टा, मिशा. डावी मधोमध उडालेली. अंगाला तेल, डोळ्यांच्या खोबणीत आणि कानांत शेंदूर भरलेला. मला स्वतःचा लेख दगडात कोरलेला पाहिल्यासारखे झाले. पायाशी विझलेली शेगडी आणि चिमटा.

"थे गफ्फारचं," पुंजाजी म्हणाला. तो दाराच्या उंबऱ्याबाहेर बसला होता. चाळीस वर्षे ज्या उंबऱ्याच्या आत बसला, त्याच्या बाहेर. डोळ्यांत वडस वाढून नजर अंधुक झालेली, मान सारखी हलत होती. "चुड्या आईले मण्यारानंच भरा लागते. त्याच्या आज्याच्या आज्यापासून. सप्तमीच्या सांजी येते, लाख तापवते, आईच्या हातात चूड जोडून देते. शेगडी रातभर इथंच थंडी होते, सकायी घेऊन जाते. दर साली."

"मग गफ्फार गेल्यावर?"

"मंग मी दिवा लावला. पाटलाकडे गोंधय होता, सारा गाव तिथं. मले तं पाटलानं गाडी धाडली होती. पाटील सोता रातभर संबयवाल्याजोळ बसून होते. सकायी आलो, तं हे."

"गावाचं म्हणणं काय?"

"पाटील म्हणते, शेगडीच्या धगीनं शेंदूर सुटला. गफ्फारनं चांदीचे डोये काढले, आन शेंदूर नाल्यात टाकला." त्याने उंबऱ्यावर हात फिरवला. "गफ्फार मायासंगं खेळलेला हाये साहेब. पन मी काय म्हणू? माया तोंडाले आता जोर नाई. ज्यानं चाळीस वर्सं दरवानाले आई म्हटलं, त्याचं कोन आयकंन?"

मी वहीचे पान उलटले. मग त्यानेच विचारले.

"पाटलानं तुमचं छापलेलं वाचून दाखोलं मले. तवापासून झोप नाई. तुमाले कसं कयलं जी? मी रोज हात लावत होतो, मले नाई कयलं."

"अनुमान," मी म्हणालो.

टेकाडाखाली मोहनसिंग भेटला. हा रस्त्याचा ठेकेदार. पडक्या देवळाचे दगड मोरीसाठी नेतो म्हणून गावाचा त्याच्यावर राग, आणि माझा पहिला संशयही त्याच्यावरच. त्याने मिशीवर बोट फिरवले.

"आमाले देवीचा दगड काहून पायजे? मोरीत बसत नाई थो. सरळ दगड पायजे, नाकडोयाचा नाई."

"तुमच्या गाड्यांची चाकोरी देवळापर्यंत गेली आहे."

"गाड्या माया, बैल माये. हाकनारे माये नोते. सप्तमीले पाटलानं दोन गाड्या मांगल्या, गवताले. गाडीवान देतो म्हटलं, तं म्हणे नोको, माये गडी हाकतीन. तुमचे लोक गोंधयाले पाठवा."

पाटील गाडीवानाची मजुरी वाचवतात, अशी मी वहीत नोंद केली. पुढच्या अंकासाठी.

४

गफ्फारचे घर वेशीजवळ. दारात त्याची बायको जैतुनबी बसली होती, पुढ्यात लाख तापवायची भट्टी, विझलेली. साठीची बाई. माझ्याकडे पाहून उठली नाही.

"तुमीच छापनारे?"

"होय."

"मंग हे बी छापा. थो दगड आईचा नाई."

"असं सगळं गाव म्हणतं आहे, बाई."

"गाव म्हणते रडून. मी म्हणते मापानं." तिने मागे हात करून भिंतीवरच्या खुंटीची एक चूड काढली. लाल लाख, वर पिवळे ठिपके. "चार चुड्या आईच्या हातात, पाचवी घरात. तापवतांना एखादी तडकली तं ऐनवेळी कुठून आनाव? म्हून दर साली पाच करतो. ही या सालची. हे आईच्या हाताचं माप हाये, शेंदरासकट. मले आता देवळात पाय ठेवू देत नाईत. तुमाले देतीन. जा, त्या मिशावाल्याच्या मनगटाले लावून पाहा."

"आणि नाही बसली तर?"

"तं माया माणूस घरी येईन."

याहून साधे काम मला कोणी कधी सांगितले नसेल. देऊळ हाकेच्या अंतरावर होते. पण ऊन होते, टेकाड चढून एकदा उतरलो होतो, आणि मला तिच्या रागात एक नामी परिच्छेद दिसत होता: मुसलमान मण्यारीण हिंदू देवीच्या बाजूने साक्ष देते आणि हिंदू गाव दरवान कबूल करते.

"पाहतो," मी म्हणालो आणि चूड चष्म्याच्या घराबरोबर खिशात टाकली.

"पाहतो म्हणू नोका. जातो म्हणा."

"जातो," मी म्हणालो, आणि निघालो. पाटलांनी रेंगीत शिदोरी बांधून दिली होती. आधी खाऊन घ्यावे म्हणून मी शेतातल्या त्या गंजीच्या सावलीला पाठ टेकून बसलो. सावली गार होती. तेलाचा आणि शेंदराचा वास येत होता. वारा देवळाकडून असावा असे मी धरून चाललो. खाल्ल्यावर डोळा लागला. जाग आली तेव्हा रेंगीवाला ओरडत होता, "चला जी, मोटार चुकंन."

आणि मोटार चुकली नाही.

५

दसऱ्याचा अंक काढायचा होता. तो काढला. 'दरवानाचा राजीनामा' असा मथळा दिला. लोक फार हसले. त्यामुळे जानरावांकडे गेलो तो एकादशीला.

ते गोधडीत बसून काढा पीत होते. मी सगळे सांगितले: शेगडी, गोंधळ, गाड्या, गाडीवान, जैतुनबी. मग चष्म्यासाठी खिशात हात घातला, तर चूड बाहेर आली आणि घरंगळत त्यांच्या पाटावर जाऊन पडली.

"ही काय?"

"तीच, पाचवी. लावून पाहायची राहून गेली."

जानरावांनी काढा खाली ठेवला. उशाखालची घडीची पट्टी काढली आणि चुडीचे आतले अंतर मोजले. "पावणेतीन इंच. आता आठवून सांगा. त्या दरवानाचं मनगट तुमच्या मुठीत मावलं असतं का?"

मी डोळे मिटले. गदेवरचा तो हात दिसला. जाड, पहिलवानी.

"नाही," मी म्हणालो.

"शेंदरासकट हात पावणेतीन इंचांचा. शेंदूर उतरल्यावर तो बारीक व्हायला पाहिजे, का जाड?"

"बारीक," मी म्हणालो.

"संपादक, अंगरखा अंगापेक्षा लहान कसा असेल? शेंदूर चोरीला गेलाच नाही. आई गेली. शेंदरासकट, डोळ्यांसकट, चुड्यांसकट. आणि तिच्या जागी हा उभा केला. अख्खी मूर्ती गेल्याचं कळलं असतं तर त्याच दिवशी नाकेबंदी झाली असती. शेंदूर गेला म्हटल्यावर लोक नाल्यात शेंदूर शोधत बसले."

"पण गावाने विश्वास कसा ठेवला?"

जानरावांनी माझ्याकडे पाहिले. ताप उतरलेल्या माणसाचे डोळे फार स्वच्छ असतात.

"कारण छापून आलं होतं."

बाहेर त्यांची सून तांदूळ निवडत होती. सूप पाखडल्याचा आवाज मला फार मोठा वाटला.

"आता दुसरं," ते म्हणाले. "मिशा असतील हे कोणीही म्हणेल, चौकटीतल्या जोडीदाराला मिशा आहेत. पण डावी तुटकी? दगड गाभाऱ्यात उभा राहायच्या तीन आठवडे आधी तुम्ही डावी तुटकी लिहिली. हे कोणाला माहीत असेल? ज्याला तो दगड माहीत होता, आणि तोच तिथं उभा राहणार हेही माहीत होतं. तुम्हाला तो तपशील सुचला कसा?"

माझ्या तोंडाला एकदम रोडग्याची चव आली.

"सुचला नाही," मी म्हणालो. "दिला."

६

जानरावांना अंगात कसर असताना मोटारीत घातले. त्याच दुपारी आम्ही गाभाऱ्यात होतो. जमादारालाही बरोबर घेतले होते. जानरावांनी चूड दरवानाच्या मनगटाशी धरली. ती निम्म्यावर अडली. जमादाराने स्वतः धरून पाहिली, मग टोपी काढून डोके खाजवले.

"मंग आई कुठं हाये?"

जानराव काठी टेकत खाली महाद्वाराच्या चौकटीपाशी गेले आणि गंजीसमोर उभे राहिले. "इथं दुसरा दरवान पालथा पडलेला असणार. तो उचलल्याचा खड्डा दिसू नये म्हणून महिनाभर आधी गंजी. दरवान आत गेला, तर खड्डा रिकामा झाला. एवढी जड मूर्ती गोंधळाच्या रात्री लांब नेली नसेल. बदली करून इथंच ठेवली असेल, गडबड शमेपर्यंत. काढा गवत."

जमादाराच्या शिपायाने गवत ओढले. आत पोकळी होती, माणसाएवढी. तळाशी खड्डा, खड्ड्यात पोते अंथरलेले. पोत्यावर शेंदराच्या खपल्या आणि लाल चुडीचा एक तुकडा, पिवळ्या ठिपक्यांचा.

आई नव्हती.

मी गंजीच्या दुसऱ्या अंगाला गेलो. माझ्या पाठीने दबलेले गवत अजून तसेच होते. माझ्या पाठीत आणि तिच्यात हातभर गवत असेल. मी तिच्याकडे पाठ करून पाटलाची भाकर खाल्ली होती आणि वर झोपलोही होतो.

"काय शोधून राह्यले?" बबनराव बांधावरून आले. मागे गडी, हातात पानाचा डबा. घाई नाही.

"काल गवताची गाडी गेली का, पाटील?" जानरावांनी विचारले.

"गेली ना. दसऱ्याच्या दिवशी, सोनं लुटाच्या वक्ती. अकोल्याले. बड्या साहेबाचा बंगला खाली होऊन राह्यला, साहेब विलायतेले चालले. त्यायच्या घोड्यायले गवत पायजे होतं. आमी भेट धाडली."

"आणि गवताखाली?"

"गवताखाली गाडी." ते हसले. मग हसू आवरून जानरावांच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाला आधार द्यावा तसा. "जानराव, तुमी मोजणीदार. शेत मोजा, बांध मोजा. आई मोजाची असते का? गावाले उभं राहाले एक दगड पायजे होता, थो हाये. साहेबाले बगीच्यात एक पायजे होता, थो बी हाये. नुकसान कोनाचं झालं?"

"गफ्फार चार दिवस कोठडीत आहे."

"सुटंन थो. तुमची चूड आता सोडवंनच. मी बी जमानत देतो." मग ते माझ्याकडे वळले. आवाज तसाच मऊ. "आन संपादक, तुमी कायले तोंड पाडता? मी तं हसतहसत सांगतलं होतं. छापलं तुमी."

जमादार चौकटीतल्या दरवानाकडे पाहत उभा होता. बड्या साहेबाचे नाव निघाल्यापासून त्याने वही मिटली होती.

७

गफ्फार दुसऱ्या दिवशी सुटला. आम्ही अकोल्याला तार केली, माणूस धाडला. बंगल्यातले सामान पेट्यांत भरून आदल्या संध्याकाळच्या गाडीने मुंबईकडे रवाना झाले होते. नवमीच्या त्या दुपारी मी टेकाड पुन्हा चढलो असतो तर आई गंजीत होती. नवमीच्या संध्याकाळी जानरावांकडे गेलो असतो तरी दसऱ्याच्या दुपारपर्यंत होती. मी हे हिशेब बरीच वर्षे केले. उत्तर दर वेळी तेच येते.

मी खुलासा छापला. पहिल्या पानावर, पाटलांच्या नावासकट, माझ्या चुकीसकट. एकही चिमटा नसलेला तो माझा एकमेव लेख. अंक नेहमीच्या निम्माही खपला नाही. मेडशीच्या थांब्यावर एकाने मला सांगितले, "या बारीले मजा नाई आली." बड्या साहेबाविषयी लिहिल्याबद्दल मला नोटीस आली. सरकारच्या नव्या वर्षाच्या किताबांच्या यादीत बबनराव रावसाहेब झाले. त्यांच्या सत्काराची बातमी माझ्याच छापखान्यात जुळवायला आली, आणि जुळवली गेली. कंपोझिटर म्हणाला, आलेलं छापायचं, वाचायचं नाही.

पुंजाजी त्या माघात गेला. शेवटपर्यंत तो उंबऱ्याबाहेरच बसायचा. आई बदलली हे त्याला त्या एकादशीलाच सांगितले होते, चूड दाखवली होती, बोटे धरून तिच्यावरून फिरवलीही होती. त्याने मान हलवली. त्याला समजले की नाही ते मला समजले नाही.

मुद्देमाल म्हणून जमा झालेली चूड वर्षाने परत मिळाली. ती द्यायला मी पुढल्या सप्तमीला देऊळपांढरीला गेलो. टेकाडावर नवा गुरव होता. दरवानाला साडी नेसवलेली, मिशांवरून शेंदूर थापलेला; वर्षभरात नखभर चढला होता, आणखी दहा वर्षांत मिशा दिसणार नव्हत्या. बाया रांगेने ओटी भरत होत्या. कुणीही खोटे वागत नव्हते.

गफ्फार दारात बसला होता. मला पाहून आत गेला. तो त्यानंतर देवळात गेला नाही, आणि माझ्याशी बोललाही नाही. भट्टीपुढे जैतुनबी होती. पाटावर नव्या लाल चुड्या, चार. मी पाहताक्षणी ओळखले, मोठ्या होत्या.

"त्याच्यासाठी?" मी विचारले.

"त्याच्यासाठी. गफ्फार जात नाई, मी जाते. गावच्या पोरी आमची चूड आईले भरल्याबिगर हातात नवी घालत नाईत. त्यायचे हात का उघडे ठेवू? आन थो बी बिचारा कोनाच्या दारातून उचलून आनलेला हाये." तिने चिमट्याने लाख वळवली. "तुमी कायले आले?"

मी खिशातून जुनी चूड काढून दिली. तिने ती उजेडात धरली, कडेला तडा गेला आहे का ते पाहिले आणि पदराने पुसली. मला वाटले आता बोलेल. मी तयार होतो. वर्षभर तयार होतो.

"मी तेव्हा जातो म्हणालो होतो," शेवटी मीच म्हणालो.

"हो."

ती उठली. भिंतीवरच्या खुंटीला नव्या मापाची पाचवी चूड लटकत होती, तिच्या शेजारी दुसरी एक खुंटी ठोकलेली होती, रिकामी. जैतुनबीने जुनी चूड त्या खुंटीला अडकवली आणि ती सरळ आहे ना ते मागे सरून पाहिले.

"आता ही कशाला ठेवता?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की एवढे शिकलेल्या माणसाने हे विचारावे.

"आई परत आली तं माप कुठून आनू?"